एफएसटी ०.०२ आला म्हणजे जीन फ्लो चालू आहे का? कोकणातली कालवं आणि आपल्याकडचे खेकडे

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडते, म्हणजे मला बरोबर समजला का ते तुम्हालाही कळेल आणि बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ब्रह्मपुरीकडच्या कॉलेजात एमएस्सी झूलॉजी करून राहिल्या, कॉलेजच्या कोकण टूरमध्ये रत्नागिरी, देवगड आणि मालवण इथल्या खडकांवरून प्रत्येकी पंधरा कालवं आणली आणि त्यांचा सीओआय नावाचा जीन सिक्वेन्स करून, म्हणजे त्यातली डीएनएची अक्षरं (बेस) वाचून घेतली. सगळे नमुने धरले तर एफएसटी, म्हणजे ठिकाणाठिकाणांतल्या जनुकीय फरकाचं शून्य ते एक असं माप, ०.११ येतो. मालवणचे तीन नमुने नेटवर्कमध्ये (सिक्वेन्स एकमेकांपासून किती लांब ते दाखवणाऱ्या आकृतीत) फार लांब पडतात, ते काढले तर ०.०२ येतो, आणि तीन जोड्यांपैकी रत्नागिरी-मालवण या एकाच जोडीची पी व्हॅल्यू ०.०४ आहे. तुमचे गाइड म्हणतात की आकडा लहान आहे, एनएम (दर पिढीत बाहेरून येणाऱ्यांची संख्या) काढा आणि जीन फ्लो (ठिकाणांमधलं जनुकांचं येणंजाणं) भरपूर आहे असं लिहा. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले की पी सिग्निफिकंट आहे म्हणजे पॉप्युलेशन वेगवेगळ्या आहेत. आता कोणाचं ऐकायचं, आणि परत कोकणात जायला पैसे नाहीत तर करायचं काय, हे तुम्ही विचारलं.

मी आधी किनाऱ्यावरच्या कालवांवर आणि शिंपल्यांवर काम केलं आणि इकडे परत आल्यापासून तलावातल्या नि धानाच्या बांध्यांतल्या खेकड्यांवर करते, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पोरापोरींची गाडी इथंच अडते. आपल्याला जाणून घ्यायचं असतं की पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी आज जाऊन राहिल्या का. हातात आकडा असतो तो फरकाचा, म्हणजे दोन ठिकाणच्या जीवांत जनुकीय फरक किती साचला त्याचा. फरक कमी असण्याची कारणं बरीच असू शकतात आणि अळ्यांचं येणंजाणं हे त्यातलं फक्त एक. तुमच्या गाइडनी आणि परीक्षकांनी दोघांनीही फरकाच्या आकड्यावरून सरळ येण्याजाण्यावर उडी मारली, एकानं या बाजूला आणि दुसऱ्यानं त्या बाजूला.

पहिले त्या तीन नमुन्यांचं पाहू, कारण ते सुटल्याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे. एका जातीतल्या कालवांचे सीओआय सिक्वेन्स साधारण मोजक्या बेसनी वेगळे असतात. साडेसहाशे बेसच्या तुकड्यात साठ-सत्तर बेसचा फरक दिसला तर ती दुसरी जात धरूनच चाला. कालवांच्या बाबतीत हे फार होते, कारण कालव जसा खडक भेटेल तसं स्वतःला घडवते, शेजारी गर्दी असली तर उंच वाढते, मोकळं असलं तर पसरते, त्यामुळे शिंपल्याच्या आकारावरून जात ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. आपण ज्याला सरसकट सॅकॉस्ट्रिया कुकुलाटा म्हणतो त्या नावाखाली हिंदी-प्रशांत महासागरात बऱ्याच वेगवेगळ्या वंशरेषा आहेत हे लॅम आणि मॉर्टन यांनी २००६ मध्ये दाखवलं. चिखलातल्या मोठ्या खेकड्याचं पण तेच झालं, सगळ्यांना सिला सेराटा म्हणायचे, १९९८ मध्ये कीनन आणि सहकाऱ्यांनी त्याच्या चार जाती केल्या. तेव्हा तुमचा ०.११ हा आकडा बहुतेक एका जातीच्या दोन पॉप्युलेशनमधला नाहीच, दोन जाती एकत्र मिसळून आलेला आहे. तो बाजूला ठेवा, पण ते तीन नमुने गुपचूप गाळू नका. प्रबंधात वेगळ्या तक्त्यात द्या, ब्लास्टमध्ये (सिक्वेन्स डेटाबेसशी जुळवून पाहणाऱ्या प्रोग्राममध्ये) कोणाशी जुळले, किती टक्के जुळले ते लिहा, आणि हे पण लिहा की डेटाबेसमधली नावं सुद्धा चुकीची असू शकतात कारण तिथं नमुना टाकणाऱ्यानंही शिंपला पाहूनच नाव दिलेलं असते. मालवणच्या खडकावर दोन जाती शेजारी-शेजारी बसून राहिल्या हा तुमचा स्वतःचा निष्कर्ष आहे, आणि माझ्या मते तुमच्या कामातला सगळ्यात पक्का निष्कर्ष तोच आहे.

आता ०.०२ चं. गाइड म्हणतात ते सूत्र स्यूअल राइटचं, एफएसटी बरोबर एक भागिले चार एनएम अधिक एक. यात एन म्हणजे परिणामकारक संख्या (प्रजननात खरा वाटा असलेल्यांची) आणि एम म्हणजे दर पिढीत बाहेरून येणाऱ्यांचं प्रमाण. पहिली गोष्ट, सीओआय हा मायटोकॉन्ड्रियातला जीन आहे, फक्त आईकडून येते आणि एकच प्रत असते, म्हणून तिथं चारच्या जागी दोन येते आणि एन म्हणजे फक्त माद्या. चार धरून काढलं तर ०.०२ ला एनएम सव्वाबारा येते, दोन धरून काढलं तर साडेचोवीस. म्हणजे सूत्रातच दुपटीचा फरक पडला. दुसरी गोष्ट, आकडा शून्याजवळ असला की हे सूत्र फार नाजूक होते. एफएसटी ०.०२ ऐवजी ०.०१ असला तर साडेचोवीसचे साडेएकोणपन्नास होतात, आणि पंधरा-पंधरा नमुन्यांमध्ये ०.०१ इकडेतिकडे होणं काहीच नाही. प्रोग्राम कधी उणे आकडा पण देते, तो शून्य समजायचा असते, त्याचं एनएम काढायला गेलं तर काहीही अर्थ नसलेलं उत्तर येते.

पण खरी अडचण तिसरी आहे. हे सूत्र असं धरून चालते की सगळ्या पॉप्युलेशन सारख्या मोठ्या, सगळ्यांमध्ये येणंजाणं सारखं, निवड कुठं नाही, आणि मुख्य म्हणजे हे सगळं इतका काळ चालू आहे की बाहेरून येणारे आणि आतला जेनेटिक ड्रिफ्ट (नुसत्या योगायोगानं होणारा जनुकीय बदल) यांचा तोल बसून गेला. निसर्गात हे क्वचितच जुळते आणि १९९९ मध्ये व्हिटलॉक आणि मकॉली यांनी या सूत्रातून एनएम काढण्याविरुद्ध सविस्तर लिहिलं, ते परीक्षेत विचारलं तर तुमच्या कामी येईल.

हे कागदावर करून पाहा, म्हणजे पटेल. समजा रत्नागिरी आणि मालवण यांच्यात आजपासून एकही अळी इकडची तिकडे जात नाही, शून्य. दोन्हीकडे परिणामकारक माद्या पन्नास हजार. मायटोकॉन्ड्रियासाठी एफएसटी साधारण पिढ्या भागिले माद्या या वेगानं वाढते, तर हजार पिढ्यांनंतर तो किती होईल? हजार भागिले पन्नास हजार, म्हणजे ०.०२. तुमचाच आकडा. आणि दुसरीकडे तोल बसलेला धरला तर हाच ०.०२ दर पिढीत पंचवीसेक माद्या येऊन राहिल्या असं सांगते. एकच आकडा, एका हिशेबात येणंजाणं पूर्ण बंद आणि दुसऱ्यात चांगलं चालू. दोन भावांच्या वाटण्या होऊन बोलणं बंद झालं तरी पोरांची चेहरेपट्टी सारखीच दिसते, त्यावरून दोन्ही घरांचं येणंजाणं चालू आहे असं कोणी म्हणत नाही, तसंच हे.

आणि कोकणच्या बाबतीत ही शंका नुसती पुस्तकी नाही. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होती. पश्चिम किनाऱ्याची समुद्राखालची सपाट कड रुंद आहे, त्यामुळे किनारा तेव्हा बराच पश्चिमेला सरकलेला होता आणि आज तुम्ही ज्या खडकांवरून कालवं काढली ते तेव्हा कोरड्या जमिनीवर, समुद्रापासून लांब होते. पाणी वर येत येत आजच्या पातळीच्या आसपास पोचलं त्याला सहा-सात हजार वर्षं झाली. म्हणजे रत्नागिरीची, देवगडची, मालवणची कालवं तिथं नव्यानंच वसली, बहुतेक एकाच जुन्या साठ्यातून. कालव वर्षभरात प्रजननाला येते असं धरलं तर तेव्हापासून काही हजार पिढ्या. मोठ्या पॉप्युलेशनमध्ये फरक साचायला हा काळ कमी आहे. तुमच्या नेटवर्कचा आकार ताऱ्यासारखा आहे, मधी एक मोठं वर्तुळ आणि भोवती एक-एक बेसनी वेगळी बारीक वर्तुळं, असं तुम्ही लिहिलं ना, तो आकार पॉप्युलेशन अलीकडे झपाट्यानं वाढल्याची नेहमीची खूण आहे. ताजिमा डी हा आकडा काढा, उणे आला तर त्याला दुजोरा भेटेल, जरी निवडीमुळे पण तो उणे येऊ शकते. त्यामुळे तोल बसलाय असं धरणं तुमच्याच डेटाच्या विरुद्ध जाते, आणि तोल बसलेला नाही तर एनएम काढणं बंद.

अजून एक गोष्ट जी बरेचदा सुटते. कालवांमध्ये हॅप्लोटाइप (सिक्वेन्सचे वेगवेगळे प्रकार) यांची विविधता फार असते, ०.९ च्या वर सहज जाते. आणि हॅप्लोटाइपच्या प्रमाणावरून काढलेला एफएसटी, आतली विविधता ०.९५ असली तर, ०.०५ च्या वर जाऊच शकत नाही, दोन ठिकाणी एकही हॅप्लोटाइप समाईक नसला तरी. मग शंभरात दोन म्हणून लहान वाटणारा ०.०२ हा शक्य असलेल्या पाचातला दोन ठरते. म्हणून हेड्रिकनी २००५ मध्ये आणि जोस्टनी २००८ मध्ये सुधारित मापं सुचवली. तुम्ही निदान फाय-एसटी काढा, त्यात हॅप्लोटाइप एकमेकांपासून किती बेस लांब आहेत हेही धरलं जाते, आणि दोन्ही आकडे शेजारी द्या. तुम्ही आधी कोणता काढला ते पण तपासा, आर्लेक्विन प्रोग्राममध्ये सेटिंग बदलली की दोन्ही तिथंच निघतात.

आता परीक्षकांकडे येऊ. पी ०.०४ आहे, पण तुम्ही तीन जोड्या तपासल्या. तीनदा तपासलं की नुसत्या योगायोगानं एखादी ०.०५ च्या खाली यायची शक्यता वाढते, म्हणून बॉनफेरोनीच्या दुरुस्तीप्रमाणे मर्यादा ०.०५ भागिले तीन, म्हणजे ०.०१७ होते, आणि ०.०४ त्यात बसत नाही. इथंच खरं तर त्यांचा मुद्दा कमजोर होते. पण तो ०.०१ असता तरी मी लगेच वेगळ्या पॉप्युलेशन म्हटलं नसतं, आणि त्याचं कारण कालवांच्या जगण्यातच आहे. एक मादी एका वेळी लाखो अंडी पाण्यात सोडते, त्यातली जवळपास सगळी मरतात, आणि एखाद्या हंगामात योग्य वेळी योग्य प्रवाहात सापडलेल्या थोड्याच आईबापांची पिल्लं खडकावर टिकतात. हेजकॉकनी १९९४ मध्ये याला लॉटरीसारखं प्रजनन म्हटलं. त्यामुळे एकाच खडकावर यंदा बसलेली आणि मागच्या वर्षी बसलेली कालवं जनुकीय दृष्ट्या थोडी वेगळी निघू शकतात, आणि हा फरक दरवर्षी बदलते. जॉन्सन आणि ब्लॅक यांनी १९८२ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या सायफोनेरिया या खडकाला चिकटणाऱ्या गोगलगायीत हे दाखवलं, जवळजवळच्या ठिकाणी फरक, पण टिकाऊ काही नाही. तुम्ही मालवणला जर एकाच आकाराची, म्हणजे एकाच वेळी बसलेली कालवं उचलली असतील आणि रत्नागिरीला लहानमोठी मिसळून, तर तुमचा फरक जागेचा नसून वयाचा असू शकते. शिंपले ठेवले असतील तर लांबी मोजा आणि तक्त्यात टाका. टाकून दिले असतील तर फोटो पाहा, टूरचे फोटो मोबाइलमध्ये राहतातच, बाजूला पट्टी नसली तरी पेनावरून किंवा हातावरून अंदाज येते.

मॅन्टेल टेस्ट करा असं पण कोणीतरी सांगितलं म्हणून तुम्ही लिहिलं. करू नका. तीन ठिकाणांच्या उलटसुलट मांडण्या फक्त सहा होतात, म्हणजे सगळ्यात लहान पी व्हॅल्यू एक षष्ठांश, ०.१७ च्या आसपास. काहीही निघालं तरी ते सिग्निफिकंट येऊच शकत नाही. अंतरानुसार फरक वाढते का हे पाहायला ठिकाणं जास्त लागतात, एका ठिकाणी नमुने थोडे कमी असले तरी चालते.

मग अळ्या खरंच जातात का? हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे आणि कोणी तुम्हाला एका वाक्यात उत्तर दिलं तर विश्वास ठेवू नका. कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते. किनाऱ्यालगतचा प्रवाह सेकंदाला दहा सेंटिमीटर धरला तर दिवसाला साडेआठ किलोमीटर आणि वीस दिवसात १७० किलोमीटर होतात, रत्नागिरी ते मालवण सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर आहे, म्हणजे हिशेबानं पोचायला हरकत नाही. पण पावसाळ्यात जून ते सप्टेंबर हा प्रवाह दक्षिणेकडे वाहते आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे, तेव्हा अंडी कोणत्या महिन्यात सुटली यावर अळी मालवणला जाईल की उलटी मुंबईच्या दिशेनं हे ठरते. वरून, अळी म्हणजे पाण्यावरचा कचरा नव्हे, ती भरती-ओहोटी पाहून वर-खाली करते, खाडीच्या तोंडाशी अडकून राहते, खडकाच्या अगदी जवळचं पाणी तसंही सुस्त असते. म्हणून नुसत्या अळीच्या दिवसांवरून अंदाज बांधला की फसायला होते. इंडोनेशियात एका मँटिस श्रिंपच्या अळ्या कित्येक आठवडे तरंगतात तरी काही शे किलोमीटरमध्ये मायटोकॉन्ड्रियात एकदम ठळक फरक भेटला, बार्बर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ते छापलं. अमेरिकन कालवात फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर तसाच ठळक फरक रीब आणि अविस यांनी १९९० मध्ये दाखवला. आणि उलट उदाहरण लिटोरिना सॅक्सॅटिलिस या गोगलगायीचं. तिला तरंगणारी अळीच नाही, पिल्लं पोटातून निघतात, तरी ती उत्तर अटलांटिकमधल्या रॉकॉल नावाच्या एकट्या खडकावर आहे, आणि अळीवाली लिटोरिना लिटोरिया तिथं नाही. योहानेसननी १९८८ मध्ये याचं उत्तर असं दिलं की एक गाभण मादी कशावर तरी वाहत पोचली तरी वस्ती सुरू होते, पण अळ्यावाल्या जातीच्या दोन-चार अळ्या पोचून भागत नाही, मोठ्या झाल्यावर त्यांची पिल्लं परत समुद्रात पांगतात. शिवाय आपल्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्या एका बंदरातून दुसऱ्यात फिरतात आणि त्यांच्या बुडाला कालवं चिकटलेली असतात, ते येणंजाणं कोणत्याच प्रवाहाच्या नकाशात नसते.

निवडीचं पण एक वाक्य लिहून ठेवा. लाँग आयलंड साउंडमध्ये निळ्या शिंपल्यांच्या अळ्या बाहेरच्या समुद्रातून दर पिढीत आत येतात, तरी एका एन्झाइमच्या जीनचं प्रमाण खारेपणाप्रमाणे थोड्याच अंतरात बदलते, कारण कमी खाऱ्या पाण्यात काही प्रकार मरतात. कोन आणि सहकाऱ्यांचं हे काम १९८० चं आहे. म्हणजे जीन फ्लो चालू असूनही फरक राहू शकते.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: तीन नमुने बहुतेक दुसऱ्या जातीचे, उरलेल्यांत फरक थोडा, तो दुरुस्तीनंतर सिग्निफिकंट राहत नाही, आणि फरक थोडा असण्याची दोन स्पष्टीकरणं, आजचं येणंजाणं आणि अलीकडचा समाईक उगम, सीओआय एकट्यानं वेगळी करता येत नाहीत.

प्रबंधात मी असं लिहीन: "तीन ठिकाणच्या नमुन्यांत सीओआयच्या आधारे ठळक पॉप्युलेशन रचना आढळली नाही. नमुनासंख्या लहान असल्यामुळे सूक्ष्म रचना नाकारता येत नाही. नेटवर्कचा आकार अलीकडील विस्ताराशी सुसंगत आहे, त्यामुळे कमी एफएसटीवरून सध्याच्या जीन फ्लोचा अंदाज बांधलेला नाही." गाइडना हे पटवायला वरचा पन्नास हजार माद्यांचा हिशेब दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्यानं काम होते, आणि परीक्षकांना बॉनफेरोनी.

यात मी इतकी का घासाघीस करून राहिली तेही सांगते. जीन फ्लो भरपूर हे वाक्य छापलं गेलं की पुढं कोणीतरी त्याचा अर्थ असा लावते की एका ठिकाणची कालवं संपली तरी दुसरीकडून भरून येतील. जनुकीय फरक पुसून टाकायला पिढीत वीस-पंचवीस अळ्या पुरतात, पण ओरबाडलेला खडक परत भरायला लाखो लागतात. कोकणात ओहोटीच्या वेळी कोयती घेऊन कालवं फोडणाऱ्या बाया आहेत, त्यांच्या हाताला पुढच्या वर्षी काय लागेल ते या दुसऱ्या आकड्यावर ठरते आणि एफएसटी त्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून त्या वाक्याला जपून हात लावा.

आता पैशाचं. कोकणात परत जायची गरज मला तरी वाटत नाही, कारण हाच प्रश्न तुमच्या घराजवळ जास्त चांगला विचारता येते. तुम्ही लिहिलं की विदर्भात समुद्र नाही म्हणून हा विषय आपल्यासाठी नाही. गडचिरोली-चंद्रपूरहून बंगालचा उपसागर सरळ रेषेत रत्नागिरीपेक्षा जवळ आहे, आणि वैनगंगेचं पाणी प्राणहितेतून गोदावरीत जाऊन तिथंच पोचते. त्या पाण्यात तीन जीव असे आहेत की त्यांच्या पिल्लांचे प्रवास तीन तऱ्हेचे.

पहिला खेकडा. धानाच्या बांध्यांत बिळं करणारा, बॅरिटेलफुसा कुनिक्युलॅरिस किंवा त्याचे भाऊबंद. याला तरंगणारी अळी नाही, अंड्यातून सरळ छोटा खेकडाच निघते आणि आई त्यांना काही दिवस पोटाखाली घेऊन फिरते. म्हणून जवळच्या दोन खोऱ्यांतही मोठा फरक अपेक्षित आहे. दुसरा तलावातला शिंपला, लॅमेलिडेन्स. त्याची ग्लोकिडिया नावाची अळी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटते आणि मासा जाईल तिकडे जाते. मामा (माजी मालगुजारी) तलावांमध्ये सांडव्यावरून मासे खालच्या तलावात उतरतात, आणि आता तर मत्स्यबीज गाडीनं लांबून आणून टाकतात, त्या पिल्लांसोबत अळ्या पण येऊ शकतात. तेव्हा शिंपल्यात फरक कमी निघाला तर तो नदीमुळे की मत्स्यबीजामुळे, हा प्रश्न मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना विचारल्याशिवाय सुटणार नाही, कोणत्या तलावात बीज कुठून आलं ते त्यांच्या सोसायटीच्या लोकांना पाठ असते. तिसरा गोदावरीचा झिंगा, मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी. मोठा होते गोड्या पाण्यात, पण त्याच्या अळीला मचूळ पाणी लागते, म्हणून अळ्या खाली खाडीकडे जातात आणि पिल्लं नदी चढून वर येतात. वाटेत राजमहेंद्रीजवळचा आर्थर कॉटनच्या नावाचा धवळेश्वरम बंधारा आहे, सिरोंच्याजवळ मेडीगड्डा बंधारा आहे, वैनगंगेवर पवनीजवळ गोसेखुर्द धरण आहे. वरच्या भागात तो आता कुठं भेटते हे आधी बाजारात फिरून पाहा, भेटला नाही तर खेकडा आणि शिंपला दोनच घ्या, प्रबंधाला ते पुरेसं आहे.

माझी शिफारस विचाराल तर खेकड्यापासून सुरू करा. एकाच नाल्यावरचे दोन-तीन तलाव आणि पाणलोटाच्या पलीकडचे दोन-तीन घ्या, म्हणजे अंतर सारखं ठेवून फक्त पाण्याचा रस्ता बदलला तर काय होते ते दिसते. त्यात एक अडचण आहे, सीओआय फक्त आईची गोष्ट सांगते. पावसात रस्त्यावरून चालणारे नर किती लांब जातात ते त्यात येत नाही, त्यासाठी न्यूक्लिअर मार्कर (आईबाप दोघांकडून येणाऱ्या, केंद्रकातल्या डीएनएच्या खुणा) लागतात, मायक्रोसॅटेलाइट किंवा एसएनपी, आणि ते महाग आहेत. एमएस्सीत नसलं तरी चालते, फक्त निष्कर्षात माद्यांचं येणंजाणं असा शब्द वापरा.

नमुने घेताना काही गोष्टी सांभाळा. फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, डीएनए खराब होते. ९५ टक्के अल्कोहोल घ्या, कॉलेजच्या स्टोअरमधलं उघडं पडलेलं बहुतेक वेळा तेवढं नसते, आणि एका दिवसानं ते बदला कारण मांसातलं पाणी उतरून पातळ होते. खेकडा मारायची गरज नाही, एका पायाचं मांस पुरते, तो पाय पुढच्या काती टाकताना परत येते, पिल्लं घेऊन फिरणारी मादी असली तर तिला सोडून द्या. शिंपल्याचा पायाचा छोटा तुकडा घ्या, प्रजननग्रंथी घेऊ नका, कारण गोड्या पाण्यातल्या बऱ्याच शिंपल्यांत नराच्या प्रजननग्रंथीत बापाकडून आलेला वेगळा मायटोकॉन्ड्रिया असते आणि तो सिक्वेन्स मधीच आला की नेटवर्कमध्ये दोन जाती असल्यासारखं दिसते. शिंपल्याच्या चिकट्यामुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायचं काम) अडते, साध्या किटनं नाही झालं तर सीटॅब पद्धत वापरा. खेकड्यात न्यूक्लिअसमध्ये जाऊन बसलेल्या सीओआयच्या जुन्या प्रती भेटतात, म्हणून प्रत्येक सिक्वेन्सचं प्रोटीनमध्ये भाषांतर करून मधी स्टॉप कोडॉन येते का ते पाहा आणि क्रोमॅटोग्राममध्ये दुहेरी शेंडे असले तर तो सिक्वेन्स वापरू नका. फोल्मरचे १९९४ चे प्रायमर दोन्हीत चालून जातात बहुतेक, नाही चालले तर सांगा.

मालवणच्या त्या तीन नमुन्यांचे सिक्वेन्स आणि शिंपल्यांचे आतल्या बाजूचे फोटो असतील तर पाठवा, बिजागरीजवळ कडेला बारीक दात आहेत का ते दिसलं पाहिजे. क्रॅसॉस्ट्रियाच्या गटात ते नसतात आणि सॅकॉस्ट्रियात असतात, त्यावरून निदान वंश तरी कळेल, आणि तेवढं कळलं तर तुमचा तक्ता पुरा होते.